चक्रीवादळाच्या माथ्यावरची वाफ

१७ मे २०२१ ची दुपार. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात होतं. आमच्याकडे आदल्या दिवसापासून वीज नव्हती आणि फोनमध्ये जेमतेम चार्जिंग उरलं होतं. तरी मी दर अर्ध्या तासाने हवामान खात्याचं उपग्रह-चित्र उघडून बघत होतो. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, "एवढं सगळं पांढरं म्हणजे पाऊसच का रे?" चित्रात अरबी समुद्रावर एक प्रचंड पांढरी चकती पसरली होती आणि तिच्याखाली कोकणचा किनारा पार झाकून गेला होता.

"हो काकू," म्हणून मी विषय संपवला. ते उत्तर अर्धवट होतं. उपग्रहाला वरून दिसणारी ती चकती मुख्यतः बर्फाची असते. जमिनीपासून बारा ते सोळा किलोमीटर उंचीवर पसरलेले बर्फाचे बारीक कण, पिंजलेल्या कापसासारखे. त्यांच्याखाली काही भागात धो धो पाऊस असतो आणि काही भागात थेंबही नसतो. त्या रात्री तौक्ते गुजरातमध्ये उन्याजवळ जमिनीवर आलं. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला तोवरचा सर्वाधिक. बातम्या झाडं, छपरं आणि समुद्रात बुडालेल्या तराफ्यावरच्या माणसांच्या झाल्या, आणि तसंच व्हायला हवं होतं. पण वरच्या त्या बर्फाचं पुढे काय झालं, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. वादळ किनाऱ्यावर येऊन विझतं. त्याने वर नेऊन ठेवलेलं पाणी मात्र तिथेच राहतं, आणि त्याचा परिणाम वादळाच्या आयुष्याहून कितीतरी जास्त काळ टिकू शकतो.

ही सगळी गोष्ट फार थोड्या पाण्याची आहे. समजून घ्यायची तर आधी हिशेब मांडायला हवा.

वर पाणी आहेच किती?

पृथ्वीभोवतीच्या हवेतली सगळी वाफ एकदम पाणी होऊन खाली पडली, तर जगभर सरासरी अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. बस्स, एवढीच. आणि तीही सारखी पसरलेली नाही. निम्मी वाफ समुद्रसपाटीपासूनच्या पहिल्या दीड-दोन किलोमीटरांतच असते. कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटरवर उभं राहिलं, की आभाळातली जवळजवळ निम्मी वाफ आपल्या पायाखाली राहिलेली असते.

कारण साधं आहे. हवा जितकी थंड, तितकी तिच्यात वाफ कमी मावते. वर जावं तसं तापमान दर किलोमीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. शाळेत शिकलेलं तपांबर ते हेच. उष्ण कटिबंधात ते सोळा ते अठरा किलोमीटरपर्यंत जातं, ध्रुवांपाशी आठ-नऊ किलोमीटरवरच संपतं. जिथे ते संपतं ती तपस्तब्धी. तिच्यावर स्थितांबर. तिथे ओझोन उन्हातले अतिनील किरण शोषतो म्हणून हवा वर जाताना उलट गरम होत जाते. म्हणजे उष्ण कटिबंधातली तपस्तब्धी ही खालच्या आणि वरच्या हवेमधली सगळ्यात थंड जागा, साधारण उणे ८० अंश सेल्सिअस. मुंबईच्या किंवा कोकणाच्या डोक्यावर सतरा किलोमीटरवर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्याइतकी थंडी बाराही महिने असते, याचं मला अजून नवल वाटतं.

आता समुद्रालगतची एक किलो हवा घ्या. एक किलो हवा म्हणजे एक कपाट भरेल एवढी. मे महिन्यात अरबी समुद्रावर तिच्यात साधारण वीस ग्रॅम वाफ असते, म्हणजे चार चमचे पाणी. हीच हवा वादळातून वर चढत तपस्तब्धीपर्यंत पोचली, तर तिच्यात वाफ म्हणून उरतं साधारण अडीच मिलिग्रॅम पाणी. एका तिळाचं वजन साधारण एवढंच भरतं.

चार चमच्यांतलं तिळाएवढं. बाकीचं सगळं वाटेत गळून पडतं आणि आपण त्यालाच पाऊस म्हणतो. या लेखाचा विषय आहे तो तीळ.

उपसणं आणि पिळणं

चक्रीवादळ, हरिकेन, टायफून ही एकाच प्रकारच्या वादळाची वेगवेगळ्या समुद्रांवरची नावं आहेत. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम असलं की त्यांना खाद्य मिळतं, आणि ते खाद्य म्हणजे वाफ. मोदकपात्राचं झाकण उचलताना वाफ हाताला लागली की उकळत्या पाण्यापेक्षा मोठा चटका बसतो, कारण वाफेचं पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता बाहेर पडते. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता मोकळी होते. वादळात हेच लाखो टनांच्या प्रमाणात चालतं. हवा वर चढते, वाफेचं पाणी होतं, उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालून नवी दमट हवा ओढली जाते.

हा उपसा वादळात सगळीकडे सारखा नसतो. १९५८ मध्ये हर्बर्ट रिल आणि जोआन माल्कस यांनी मांडलं, की उष्ण कटिबंधातली उष्णता वर नेण्याचं काम थोडे, अरुंद आणि फार उंच ढग करतात. त्यांना त्यांनी 'तप्त मनोरे' म्हटलं. (जोआन माल्कस म्हणजेच पुढच्या जोआन सिम्पसन, हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री.) चक्रीवादळाच्या डोळ्याभोवती जी ढगांची भिंत असते, तिच्यात असे मनोरे उभे राहतात. त्यांच्या गाभ्यातली हवा आजूबाजूच्या कोरड्या हवेत फारशी न मिसळता थेट वर जाते, म्हणून ती इतकी उंच पोचू शकते.

म्हणजे वादळ एकाच वेळी दोन कामं करतं. ते पाणी वर उपसतं आणि उपसता उपसता पिळूनही काढतं. वरची हवा शेवटी ओली होणार की कोरडी, हे या दोन कामांच्या हिशेबावर ठरतं, आणि वेगवेगळ्या उंचीवर हा हिशेब वेगवेगळा लागतो. म्हणूनच "वादळांमुळे वरची वाफ वाढते का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

बारा किलोमीटरवर: ओलावा

आधी स्थितांबराच्या खाली, दहा ते पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात काय होतं ते पाहू. इथलं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

वर चढलेली हवा तपस्तब्धीपाशी आली की तिला आणखी वर जाता येत नाही, कारण वरची हवा तिच्याहून गरम आणि हलकी असते. स्वयंपाकघरात धूर छताला लागून आडवा पसरतो, तशी ती आडवी पसरते. आपल्या गोलार्धात वादळ खाली घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, पण माथ्यावरून बाहेर पडणारी हवा दूर जाता जाता घड्याळाच्या दिशेने वळते. तिच्याबरोबर बर्फाचे कण शेकडो किलोमीटर लांब जातात. चित्रात दिसते ती चकती हीच.

मग त्या बर्फाचं काय होतं? मोठे कण खाली पडतात. बारीक कण हवेत तरंगत राहतात, आणि आजूबाजूची हवा कोरडी असेल तर देवघरातल्या कापरासारखे उडून जातात. पाणी न होता सरळ वाफ. याला संप्लवन म्हणतात. चकती विरळ होत होत दिसेनाशी होते, पण तिच्यातलं पाणी नाहीसं झालेलं नसतं, ते त्या उंचीवरच्या हवेत मिसळलेलं असतं.

२००७ मध्ये एरिक रे आणि कॅरन रोझेनलॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अटलांटिक आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या वादळांवरची अशी वाफ मोजून दाखवली. त्यासाठी २००२ मध्ये सोडलेल्या ॲक्वा उपग्रहावरच्या 'एअर्स' या उपकरणाची नोंद वापरली. वादळाच्या डोळ्यापासून ५०० किलोमीटरच्या आतल्या वरच्या तपांबरात आजूबाजूच्या सरासरीपेक्षा ३० ते ५० टक्के, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वाफ आढळली. म्हणजे या थरासाठी तरी उपशाची बाजू पिळण्यावर भारी पडते.

टक्के ऐकायला मोठे वाटतात, ग्रॅमात ते फारच थोडे आहेत. बारा किलोमीटरवर, उणे पन्नासच्या आसपास, एक किलो हवेत जास्तीत जास्त शंभरेक मिलिग्रॅमच वाफ मावते. पण या थोड्या वाफेला मोठं वजन आहे, आणि ते का हे सांगायला हवं. पाण्याची वाफ हा सर्वांत जास्त प्रमाणात असलेला हरितगृह वायू. जमिनीजवळची वाफ उष्णता शोषते, पण ती स्वतःही जवळजवळ जमिनीइतकीच गरम असल्याने जवळपास तेवढीच उष्णता वर फेकते. उंचावरची वाफ थंडगार असते. ती खालून येणारी उष्णता अडवते आणि अवकाशाकडे मात्र फार कमी सोडते. म्हणून वरची थोडीशी वाफही खालच्या कितीतरी जास्त वाफेइतका परिणाम करते.

याच्या उलट बाजूही आहे. जेवढी हवा वर गेली तेवढी कुठेतरी खाली यायलाच हवी. वादळाच्या डोळ्यात आणि त्याच्या बाहेरच्या कडेला ती खाली बसते, खाली येताना तापते आणि कोरडी होते. डोळ्यात आभाळ स्वच्छ दिसतं ते त्यामुळेच. तेव्हा एकच वादळ एका पट्ट्यात ओलावा पेरतं आणि शेजारच्या पट्ट्यात हवा वाळवतं.

झाकण

आता तपस्तब्धीकडे, म्हणजे त्या थंड झाकणाकडे. त्याचं काम कसं कळलं ही गोष्ट मला फार आवडते.

दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या मागे पांढऱ्या रेघा उमटत आणि त्या रेघांमुळे विमान शत्रूला सापडे. त्या कधी उमटतात हे कळण्यासाठी वरच्या हवेत किती वाफ आहे हे माहीत असणं गरजेचं होतं. ब्रिटनमध्ये ॲलन ब्रूअर यांनी त्यासाठी दवबिंदू मोजणारं एक उपकरण घडवलं. तत्त्व आपल्या रोजच्या पाहण्यातलं. थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. धातूचा पृष्ठभाग थंड करत जायचं, आणि त्यावर दंव कोणत्या तापमानाला धरतं ते बघायचं. त्यावरून हवेतली वाफ कळते.

इंग्लंडवर बारा किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात शिरल्यावर दंव धरेचना. पृष्ठभाग उणे ८० च्या आसपास नेल्यावर कुठे ते धरलं. पण इंग्लंडवरची तपस्तब्धी इतकी थंड नसतेच. मग ही हवा इतकी कोरडी कुठे झाली? ब्रूअर यांनी १९४९ मध्ये उत्तर मांडलं. ही हवा इंग्लंडवर खालून वर आलेलीच नाही. ती उष्ण कटिबंधात वर चढली, तिथल्या अतिथंड तपस्तब्धीतून जाताना तिच्यातलं पाणी गोठून गळून गेलं, आणि मग ती स्थितांबरातून हळूहळू ध्रुवांकडे सरकत इंग्लंडवर आली. एका विमानात बसून एका देशाच्या आभाळातली वाफ मोजली आणि साऱ्या पृथ्वीच्या वरच्या हवेचं फिरणं उलगडलं! त्या फिरण्याला आज ब्रूअर-डॉब्सन अभिसरण म्हणतात.

म्हणजे स्थितांबरात जाणाऱ्या हवेला या झाकणातून जावं लागतं आणि झाकणाचं तापमान तिच्यातलं पाणी ठरवतं. इथे अंश-दोन अंशांनाही किंमत आहे. तपस्तब्धीच्या उंचीवर उणे ८० अंशांना हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये वाफेचे साडेपाच रेणू मावतात. उणे ८३ ला जेमतेम सव्वातीन. तीन अंशांच्या फरकाने पाणी चाळीस टक्के कमी! समुद्रालगतच्या दमट हवेत हाच आकडा दहा लाखांत तीस हजारांच्या घरात असतो, त्याच्याशी ताडून पाहा.

वादळ या झाकणाशी काय करतं? दोन गोष्टी करतं आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

पहिली, वादळ झाकण आणखी थंड करतं. खालून ढकललेली हवा वर उचलली जाऊन प्रसरण पावते, त्यामुळे थंड होते. शिवाय उंच ढगांचे माथे अवकाशाकडे उष्णता टाकत राहतात. वादळाच्या पोटात गरम हवा आणि डोक्यावर मात्र नेहमीपेक्षा थंड हवा, असं चित्र उपग्रहांच्या मोजमापात वारंवार दिसतं. झाकण थंड झालं की त्यातून हळू वर सरकणारी हवा जास्त पिळली जाते. म्हणजे स्थितांबर कोरडं होतं.

दुसरी, काही मनोरे झाकण फोडून वर घुसतात. वेगाने वर येणारी हवा झाकणापाशी लगेच थांबत नाही. उडी मारल्यावर माणूस क्षणभर जमिनीपासून वर राहतो तशी तीही क्षणभर पलीकडे जाते आणि परत खाली बसते. पण त्या क्षणात ती बर्फाचे कण स्थितांबरात सोडून येऊ शकते. वाफेला झाकणातून जायचं तर तापमानाचा कर भरावा लागतो, बर्फ तो कर चुकवून पलीकडे जातो. तो बर्फ तिथे उडून गेला की स्थितांबर ओलं होतं.

मग एकूण काय? १९८२ मध्ये एडविन डॅनियलसन यांनी म्हटलं होतं, की असे घुसलेले मनोरेच स्थितांबर कोरडं ठेवतात. १९८७ च्या सुरुवातीला नासाचं ईआर-२ हे वीस किलोमीटरवर उडणारं विमान ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून ढगांच्या आणि चक्रीवादळाच्या माथ्यांवर नेण्यात आलं, आणि खालची हवा खरोखरच स्थितांबरात पोचते याचे पुरावे मिळाले. पुढे २००५ मध्ये रशियन बनावटीचं जिओफिझिका हे विमान ब्राझील आणि डार्विनवर उडालं. तेव्हा मोठ्या गडगडाटी ढगांनी तपस्तब्धीच्या बऱ्याच वर टाकलेले बर्फाचे कण सापडले, आणि ते स्थितांबर ओलं करणारे होते. एकाच प्रकारच्या ढगांविषयी दोन उलट निष्कर्ष.

दोन्ही खरे असू शकतात, हे समजायला खडीसाखर आठवावी. घट्ट पाकात दोरा सोडून ठेवला की त्यावर खडीसाखर जमत जाते. तीच खडीसाखर साध्या पाण्यात टाकली तर विरघळते. बर्फाच्या कणाचंही असंच आहे. वरची हवा वाफेने आधीच तुडुंब असेल, तर ती वाफ त्या कणांवर जमते, कण जड होऊन खाली पडतात आणि येताना हवेतलं पाणीही घेऊन येतात. हवा कोरडी असेल तर कणच उडून जातात आणि हवा ओली होते. त्यामुळे झाकणाच्या अगदी जवळच्या थरात, जिथे हवा बहुतेक वेळा भरलेलीच असते, वादळ कोरडेपणा आणू शकतं. आणि त्याच्या थोडं वर, कोरड्या स्थितांबरात तेच वादळ ओलावा टाकतं. कणांचा आकारही महत्त्वाचा, कारण बारीक कण जास्त वेळ तरंगतात.

चक्रीवादळांचा यातला वाटा किती? २००९ मध्ये डेव्हिड रॉम्प्स आणि झिमिंग क्वांग यांनी उपग्रहांची चित्रं धुंडाळून मोजणी केली. उष्ण कटिबंधातल्या सगळ्या खोल ढगांपैकी फक्त ७ टक्के चक्रीवादळांतले होते. पण ज्यांचे माथे तपस्तब्धीपेक्षाही थंड होते, म्हणजे जे झाकणापर्यंत किंवा त्यापलीकडे गेले होते, त्यांच्यात चक्रीवादळांचा वाटा १५ टक्के निघाला. आणि तपस्तब्धीपेक्षा १५ अंशांनी थंड असणाऱ्या, सर्वांत टोकाच्या ढगांमध्ये २९ टक्के. संख्येने थोडी, पण उंच पोचण्यात कितीतरी पुढे.

तरी एक गोष्ट विसरायची नाही. स्थितांबरातल्या एकूण वाफेचा मुख्य कारभार अजूनही झाकणाच्या तापमानाकडे आणि त्यातून वर्षभर हळूहळू वर सरकणाऱ्या हवेकडेच आहे. त्याशिवाय वर पोचलेल्या मिथेनचं ज्वलनासारखं विघटन होऊन थोडं पाणी तिथल्या तिथेही तयार होतं. चक्रीवादळं या कारभारात ढवळाढवळ करतात, कारभार चालवत नाहीत.

आपल्या समुद्रांवर

उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाचच चक्रीवादळं होतात, जगातल्या एकूण संख्येच्या पाच-सहा टक्के, आणि त्यातली बहुतेक बंगालच्या उपसागरात. पण इथली तपस्तब्धी उंच आणि फार थंड असते, म्हणून हा प्रदेश या अभ्यासासाठी मोलाचा आहे.

तिरुपतीजवळ गडंकी इथे राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे एक मोठं रडार सरळ वर बघत हवेच्या हालचाली टिपत असतं. ३१ ऑक्टोबर २०१२ ला नीलम चक्रीवादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा गडंकीच्या रडारने आणि उपग्रहांनी मिळून दाखवलं, की अशा वेळी वाहतूक दोन्ही दिशांनी चालते. वर पाणी जातं तशी स्थितांबरातली कोरडी, ओझोनयुक्त हवा खालीही उतरते. गडंकीच्या शास्त्रज्ञांनी पुढे या समुद्रातली अनेक वादळं एकत्र घेऊन जीपीएसच्या लहरींवरून तपस्तब्धीचा अभ्यास केला. जीपीएस उपग्रहाची लहर वातावरणातून तिरकी जाताना किंचित वाकते, आणि ती किती वाकली त्यावरून वाटेतल्या हवेचं तापमान कळतं. ढगांचा तिला अडथळा होत नाही. वादळाच्या डोक्यावर एरवी कोणाला पोचता येत नाही, तिथे ही युक्ती पोचते.

ढगांचा अडथळा ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. अवरक्त किरणांनी बघणाऱ्या उपकरणाला दाट ढगाच्या आतलं दिसत नाही, म्हणजे नेमकं वादळाच्या गाभ्यातलं. भारत आणि फ्रान्सने १२ ऑक्टोबर २०११ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह यासाठीच खास होता. त्यावरचं 'सफीर' हे उपकरण सूक्ष्मलहरींवर चालायचं, त्यामुळे ढगांमधूनही आर्द्रता टिपायचं. शिवाय त्याची कक्षा विषुववृत्ताकडे झुकलेली असल्याने एकाच समुद्रावरून ते दिवसातून अनेकदा जायचं. नियोजित आयुष्याच्या कितीतरी पुढे जाऊन त्याने काम केलं आणि मार्च २०२३ मध्ये त्याला नियंत्रितपणे पॅसिफिकवर खाली आणलं गेलं. आपल्याकडच्या अवकाश-मोहिमांमध्ये चंद्र आणि मंगळाचं कौतुक होतं तेवढं याचं व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्या भागात चक्रीवादळांपेक्षाही मोठा उपसा आहे तो पावसाळ्याचा. १९८१ मध्येच न्यूएल आणि गूल्ड-स्टुअर्ट यांनी सुचवलं होतं, की स्थितांबरात हवा सगळ्या उष्ण कटिबंधातून सारखी जात नाही, ती काही 'कारंज्यां'तून जाते, आणि पावसाळ्याच्या मोसमात असं एक कारंजं बंगालचा उपसागर आणि भारतावर असतं. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जिओफिझिका विमान काठमांडूहून उडवून या कारंज्याच्या माथ्यावरची हवा मोजण्यात आली.

तिळाची किंमत

खालची वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन परत येते. स्थितांबरात पाऊसच नसल्याने तिथे गेलेलं पाणी वर्षानुवर्षं राहतं. २००० नंतर स्थितांबराच्या खालच्या भागातली वाफ सुमारे १० टक्क्यांनी घटली. सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की एवढ्या घटीने त्या दशकातल्या तापमानवाढीचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी मंदावला होता. दहा लाखांत चारऐवजी साडेतीन रेणू, आणि त्याचा परिणाम सगळ्या पृथ्वीच्या तापमानावर. याशिवाय ही वाफ ओझोनच्या रसायनातही हात घालते आणि ध्रुवांवर ओझोनचा नाश घडवणारे ढग तयार व्हायला मदत करते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक उलट उदाहरण. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीने एका दिवसात सुमारे १४.६ कोटी टन पाणी स्थितांबरात फेकलं, तिथल्या एकूण वाफेच्या साधारण १० टक्के. कोणतंही चक्रीवादळ याच्या जवळपासही जात नाही. ज्वालामुखीने झाकण एका दणक्यात ओलांडलं. वादळं त्याच्या कडांशी, किलो-किलोने, दर मोसमात खेळत असतात. म्हणून त्यांचं पाणी मोजणं इतकं अवघड जातं, आणि समुद्र तापत असताना ती मोजणी चालू ठेवणं इतकं गरजेचं आहे. हवा एक अंशाने तापली तर तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. वादळांच्या मनोऱ्यांना खालून मिळणारं खाद्य वाढणार हे नक्की. वरचं झाकण त्याच वेळी किती थंड राहील, यावर बाकीचं ठरेल.

तौक्तेची ती चकती १७ तारखेनंतर तशीच राहिली नाही. वरच्या वाऱ्यांनी तिला ईशान्येकडे ओढलं. वादळाचे अवशेष आणि पश्चिमेकडून आलेल्या हवामान-प्रणालीने (पश्चिमी विक्षोभ) मिळून १९ मेला दिल्लीत पाऊस पाडला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुमारे ११९ मिलिमीटर. ऐन मेमध्ये दिल्लीकरांनी स्वेटर शोधले असतील. कोकणाच्या समुद्रावरून उचललेलं थोडं पाणी असं यमुनेच्या काठी पडलं.

पुढचं वादळ आलं की हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटची नेहमीची चित्रं बघून झाल्यावर शेजारचं 'जलबाष्प' चित्रही उघडा. त्यात खालचे ढग आणि जमीन दिसत नाही. साधारण पाच ते दहा किलोमीटरवरच्या वाफेतून येणारी उष्णताच त्यात उमटते. जिथे वाफ भरपूर तिथे चित्र पांढरं, जिथे वरची हवा कोरडी तिथे काळं. वादळाभोवती एक काळा पट्टा नागमोडी वळत आत येताना दिसला तर नीट बघा. वायव्येकडून आलेली ती कोरडी हवा गाभ्यापर्यंत पोचली की मनोरे खुजे होतात, आणि काही तासांत साध्या चित्रातली पांढरी चकतीही एका बाजूने फाटू लागते.